आधी तोंड दाखवायचं

९ जानेवारी २०२४, मंगळवार

पोहोचले एकदाची. सगळं सामान एका छोट्या टेम्पोत मावलं, याचं येताना हसू येत होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईचा संसार म्हणजे एक गादी, एक टेबल, गॅस, भांड्यांची दोन पोती आणि पुस्तकांची सात खोकी. टेम्पोवाला म्हणाला, मॅडम, पुस्तकंच लई जड हायत, माणूस काय न्हाई.

नोकरी लागली तेव्हा कंपनीच्या बाईंनी फोनवर विचारलं होतं, कुठून काम करणार? मी उलट विचारलं, कुठून करायचं असतं? त्या म्हणाल्या, कुठूनही. वीस वर्षं मी नांदेडला एका ज्युनिअर कॉलेजात तासावर रसायनशास्त्र शिकवलं. रोज तोच ऑटो, तोच खडू. ‘कुठूनही’ म्हटल्यावर मला काही सुचेना. काम असं: डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचे प्रश्न मराठीत समजावून लिहायचे आणि दुपारी मुलांच्या शंका सोडवायच्या. सकाळी दहाला हजेरी. बाकी बंधन नाही.

तीन आठवडे नकाशा घेऊन बसले. नांदेडची जुनी खोली नको होती. माझा नवरा प्रेम गेल्यापासून तिथे मी फक्त झोपायला आणि उठायला राहत होते. हिमायतनगरला दादा म्हणाला, वरची खोली रिकामी करून देतो. वहिनी काहीच म्हणाली नाही, म्हणून तेही नको. पुण्यात माझं कोणी नाही. राहिलं लातूर, कारण माझी मुलगी तिथे आहे. संघमित्रा. घरात मित्रा. एकोणीस वर्षांची. गेल्या वर्षी डॉक्टरकीचा प्रवेश थोडक्यात हुकला, यंदा रिपीटरच्या बॅचला आहे. पण तिनेच सांगितलं, मम्मी, शहरात येऊ नको हं. इथे निम्म्या पोरींच्या आया खोली करून राहतात आणि डबा घेऊन डोक्यावर बसतात. लांबही जाऊ नको. तासाभरावर राहा.

म्हणून कंपास घेऊन लातूरभोवती तासाभराचं वर्तुळ काढलं. त्या वर्तुळात हे गाव आलं, नवी गुंजाळी.

घर गुरुबसप्पांचं. त्यांचं उदगीरला धान्याचं दुकान आहे, मित्राच्या हॉस्टेलच्या मेसला ज्वारी तेच देतात. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर जुनी गुंजाळी सोडून सरकारने हे गाव वसवलं. सरळ रुंद रस्ते, एकसारखी सिमेंटची घरं, प्रत्येकापुढे मोठं अंगण. गुरुबसप्पांचे आईवडील या घरात एक दिवस राहिले नाहीत म्हणे. अंगणात पत्र्याचं शेड टाकून राहिले आणि तिथेच म्हातारे होऊन गेले. गावात बहुतेकांचं तसंच आहे. घरात धान्य, अंगणात माणसं. मला गंमत वाटली. पक्कं घर असताना!

खिडकीतून तुरीचं शेत दिसतं. टेबल तिथेच लावलं. खूप दिवसांनी मला भूक लागली आहे.

११ जानेवारी, गुरुवार

आज येळवस. या भागातला मोठा सण, सगळं गाव शेतात जेवतं. शेजारच्या सरजाबाईंनी काल मुलाकडून निरोप पाठवला होता. सत्तरीच्या आहेत, बारीक, ताठ. मुलगा व्यंकटी, त्याची गिरणी आहे. सकाळी तो न्यायला आला, पण हाक मारली नाही. फाटकाची कडी वाजवत राहिला, मी बाहेर येईपर्यंत. मला बघून मगच बोलला, चला मॅडम, आई वाट बघाय लागलीय.

शेतात कडब्याची खोप, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. सरजाबाई मला वाढत होत्या आणि मी नको म्हणेपर्यंत वाढतच होत्या. नाव विचारलं. बुद्धप्रिया म्हटल्यावर जात कळली असणार, पण पान उचललं नाही, उलट आंबिलीचा दुसरा पेला पुढे केला. म्हणाल्या, लई गोड नाव हाय, पर मी घ्यायची न्हाई हां. तोंडावर बाई म्हणीन. मी विचारलं का, तर सुनेनेच सांगितलं, आमच्या गावात कुणी कुणाला नावानं हाक मारत न्हाई, पोरान्‌लासुद्धा. सगळे हसले. मीही हसले. हसताना गाल दुखले, सवय नाही.

१८ जानेवारी, गुरुवार

काम बसलं आता. दहाला सगळे जमतो. वकार सर हैदराबादहून एकेकाचं नाव घेतात आणि आपण ओ द्यायची. इथे नेट अडखळतं म्हणून कॅमेरा बंद ठेवते. बुद्धप्रिया मॅडम? हजर, सर. शाळेत बसल्यासारखं वाटतं, वाईट नाही वाटत.

आज हजेरी चालू असताना सरजाबाई ताक घेऊन आल्या. दारात थांबल्या होत्या, मला माहीत नव्हतं. वळले तर त्यांनी तांब्या खाली ठेवून दाराची चौकट धरली होती. कुणाला बोललीस, म्हणाल्या. मी लॅपटॉप दाखवला. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. तोंड न बघता व्हय म्हणलीस? मी म्हटलं, अहो, हे रोजचंच आहे. त्या खाली बसल्या. मग हळू सांगितलं की इथे घरातून हाकेला ओ देत नाहीत. आधी दारात यायचं. तोंड दाखवायचं. मंग बोलायचं. का, विचारलं तर म्हणाल्या, रिवाज हाय आमचा.

मी ताक प्यायले. चांगलं होतं, जिरं घातलेलं.

२८ जानेवारी, रविवार

लातूरला जाऊन आले. हॉस्टेलच्या त्या गल्लीत सगळीकडे पोरांचे फोटो, गुण, डॉक्टर होणाऱ्यांचे हसरे चेहरे, भिंतभर. मित्रा वाळली आहे. तिची रूममेट उमैमा उदगीरची, बडबडी. म्हणाली, आंटी, तुमची पोरगी झोपेतपण ऑप्शन सी म्हणते. मित्रा म्हणाली, गप गं, तू तर झोपतच नाहीस. मग दोघी हसल्या आणि मित्रा मध्येच थांबली.

चारशे अडतीस पडलेत सराव परीक्षेत. सातशेवीसपैकी. तिने मला सांगितलं नव्हतं, मी वहीत पाहिलं. रस्त्यावर उसाचा रस पिताना ती म्हणाली, मम्मी, तू काहीतरी बोल ना. मी म्हटलं, काय बोलू? होईल सगळं. ती म्हणाली, पप्पा गेले तेव्हाही तू असंच म्हणालीस. होईल सगळं. रडलीसुद्धा नाहीस.

खरं आहे. मे दोन हजार एकवीस, कोरोनाची लाट. दवाखान्याबाहेर मंडपात आम्ही वीस-पंचवीस माणसं बसलो होतो. आतून माणूस यायचा आणि पेशंटचं नाव घ्यायचा, मग त्याचं कोण असेल त्याने उठायचं. त्याने प्रेमचं नाव तीनदा घेतलं. मला ऐकू आलं होतं. मी ओ दिली नाही. मला वाटलं, मी ओ देत नाही तोवर ते झालेलं नाही. शेवटी शेजारच्या बाईने माझ्याकडे बोट दाखवलं. त्यानंतर माझ्या आत काहीतरी बंद पडलं ते पडलंच.

मित्राला हे सांगितलं नाही. तिच्या पाठीवर हात ठेवला. बसमध्ये बसल्यावर वाटलं, नुसता ठेवला, फिरवायला हवा होता.

रोज साडेचारला तिला चहाची सुट्टी असते. तेव्हा फोन करायचं ठरलं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

वकार सर म्हणाले, मॅडम, एकदाच बोला, दोनदा ऐकू येतंय. मी म्हटलं, आवाज घुमत असेल, घर रिकामं आहे. ते म्हणाले, घुमलेला आवाज मागून येतो हो. तुमचा आधी येतो. सगळे हसले.

माईक बदलून बघितला.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आज साडेचारला मित्राचा फोन आला आणि ती म्हणाली, थँक्यू मम्मी, कालसाठी. काल तू किती छान बोललीस.

काल साडेचारला मी सरजाबाईंच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. फोन घरात, चार्जिंगला. परत आले तेव्हा सहा वाजले होते. मी म्हटलं, काय बोलले गं मी? ती लाजली. जाऊ दे ना, म्हणाली. पप्पांचं सगळं. तू मांडवात बसली होतीस ते. मला वाटायचं तुला काही वाटतच नाही.

फोनमधली यादी पाहिली. काल, चार बत्तीस. आलेला कॉल. तेवीस मिनिटं.

मांडवाचं मी कुणालाही सांगितलेलं नाही. इथे लिहिलंय फक्त.

घर झाडून काढलं. कोपरे, माळा, पलंगाखाली. मग चहा केला.

२१ फेब्रुवारी, बुधवार

आज सरजाबाईंना विचारलं. आधी त्यांनी व्यंकटीला गिरणीवर पाठवून दिलं, शेडच्या दाराशी बसल्या. पुढचं त्यांनी एका दमात सांगितलं, डाळ निवडता निवडता. जसं आठवतं तसं लिहिते.

त्या रात्री व्यंकटी तान्हा होता, तापाने रडत होता, म्हणून त्या त्याला घेऊन बाहेर खळ्यावर येऊन बसल्या होत्या. नवरा आणि मुलगी आत. महानंदा, चौदा वर्षांची. घर दगडामातीचं, दोन हात जाड भिंती, वर मातीचं माळवद. पहाटे सगळं खाली आलं. नवरा तर लगेच सापडला, गेलेला. महानंदाला हाका मारल्या. चुलीच्या बाजूने खालून ओ आली. आई, हितं हाय मी. मग काय, सगळे तिथेच खणायला लागले. हातांनी, पहारींनी, मग मिलिटरीची माणसं आली. हाक मारली की ओ यायची. दीड दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचा शेषेराव तिथे उभा राहून आपल्या भावाला हाका मारायला लागला, भाऊही कुठे तरी खाली होता. तर त्याच खड्ड्यातून भावाच्या आवाजात ओ आली. दादा, हितं हाय मी.

तवा हात थांबले सगळ्यांचे, म्हणाल्या. एकमेकाच्या तोंडाकडं बघितलं. पर इतकं खंदल्यालं, मंग पुरतं खंदलं. खाली एक माणूस बसंल येवढी पोकळी. कुणी न्हाई.

महानंदा तिसऱ्या दिवशी सापडली. गोठ्याच्या भिंतीखाली, दुसऱ्याच टोकाला. डॉक्टर म्हणाला, ही काल सांजेपर्यंत जिवंत होती. तिच्या बोटांना नखं राहिली नव्हती.

डाळ पुन्हा सुपात घेऊन त्या म्हणाल्या, आमीच खंदून वर काढलं बाई त्याला. आमच्या हातानं.

मी विचारलं, मग ते इथे कसं आलं? त्या म्हणाल्या, आमी आलो तसं ते आलं. सरकारनं घरं दिली. घरात ते ऱ्हातं, अंगणात आमी. त्याला आवाज हाय, तोंड न्हाई. म्हणून आमी आधी तोंड बघतो. तू रोज सकाळी घरात बसून, कुणाचं तोंड न बघता, हजर हजर म्हणत राहिलीस. मंग ते तुझ्या आवाजाला लागलं.

एक तारखेला जा, म्हणाल्या. मी हो म्हटलं. गुरुबसप्पांना निरोप देते.

४ मार्च, सोमवार

गेले नाही.

कारण लिहून ठेवते. मित्राला पाचशे एकाहत्तर पडले. उमैमाने फोन करून सांगितलं, आंटी, ही आता गाणी म्हणते! तुम्ही काय जादू केली? रोज साडेचारला फोन होतो आणि मित्रा हसत परत येते म्हणे.

फोन मी करत नाही. मी आता घरात जातच नाही, अंघोळीपुरती जाते. सरजाबाईंच्या शेडमध्ये माझी गादी आहे. लॅपटॉप आणि फोन आत टेबलावर. दहाला आतून हजर, सर ऐकू येतं. दुपारी शंका सोडवल्या जातात. मोलचा हिशेब, बेंझिनचं वलय. बरोबर सांगतं. मी अंगणात बसून ऐकते आणि एकही चूक सापडत नाही.

साडेचारला ते मित्राशी बोलतं. माझाच आवाज, पण मऊ. कान लावला तर शब्द कळतात. जेवलीस का गं, असं विचारतं. मी विचारायचे, जेवलीस ना. काल ते रडलं. प्रेमबद्दल बोलता बोलता माझ्या आवाजात हुंदके देऊन रडलं, आणि पलीकडून मित्राही रडली असणार, कारण मग बराच वेळ ते नुसतं हं, हं, रड बाळा, असं म्हणत होतं.

मी शेंगा फोडत होते.

सरजाबाई म्हणतात, येडी हाइस का. परीक्षा पाच मेला आहे. दोन महिने. तोवर राहू दे, मी म्हटलं. तिला कोणीतरी आई मिळाली आहे.

त्या उठून गेल्या.

१४ मार्च, गुरुवार

सहाशे बारा.

दुकानात गेले. साबण मागितला. दुकानदार म्हणाला, काय? पुन्हा मागितला. तो माझ्या ओठांकडे बघायला लागला. शेवटी बोट दाखवलं. सरजाबाई म्हणतात, जरा मोठ्यानं बोल बाई, आत आत बोलाय लागलीस. मी मोठ्याने बोलत होते.

घसा दुखत नाही. ताप नाही. आवाज फक्त कमी झाला आहे, विहिरीत पाणी उतरतं तसा.

आतून मात्र स्वच्छ येतो. खणखणीत.

२१ मार्च, गुरुवार

सकाळी सहाच्या सुमारास धक्का. हिंगोलीकडे होता, नंतर कळलं. हदगाव, हिमायतनगरला भांडी पडली. इथे नुसते पत्रे थरथरले. पण सगळं गाव एका क्षणात रस्त्यावर. लहान मुलंसुद्धा. आणि कुणी ओरडलं नाही. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. सरजाबाई प्रत्येकाजवळ जाऊन डोक्याला हात लावत होत्या. एक. दोन. तीन. मला लावला. चार.

दिवस उजाडत होता. तेवढ्या शांततेत माझ्या घरातून आवाज आला. सगळ्यांनी ऐकला. माझा आवाज. घाबरलेला.

मला बाहेर काढा.

पुन्हा. मला बाहेर काढा गं. कुणीतरी.

बायांनी पोरांचे कान झाकले. व्यंकटी माझ्याकडे बघत होता, मी बोलत नाही ना ते बघायला.

मला त्याची दया आली. हे लिहायला नको होतं, पण आली.

२३ मार्च, शनिवार

मित्रा सोमवारी इथे येते आहे. धुळवडीची सुट्टी.

काल साडेचारला मी खिडकीखाली उभी होते. ते म्हणत होतं, ये बाळा. मला इथून काढ. तू आलीस ना, की मला निघता येईल.

मी आत धावले. फोन टेबलावर, चालू. उचलला. मित्रा, मित्रा, येऊ नको — नुसता श्वास गेला. ती हॅलो हॅलो म्हणत होती. आणि माझ्या मागून, खोलीच्या मधोमध, कुणी नसताना, हॅलो बाळा, रेंज गेली होती. तिला ते ऐकू गेलं. मी नाही.

व्यंकटीच्या फोनवरून लिहून पाठवलं: मी मम्मी. येऊ नकोस. घरातला आवाज माझा नाही. तिचं उत्तर आलं. कोण आहे? मम्मी आत्ता माझ्याशी बोलली. होळीची मस्करी दुसऱ्यांशी करा. व्यंकटीने लावला, तिने कापला. मग हा नंबरच ब्लॉक केला.

उमैमा ईदपर्यंत उदगीरला गेली आहे. तिचा नंबर पाठ नाही. तो आतल्या फोनमध्ये. ते आता मला फोन उचलू देत नाही. म्हणजे हात पोहोचतो आणि मी बाहेर अंगणात असते.

२४ मार्च, रविवार

व्यंकटीच्या गाडीवर लातूर. मित्रा सराव परीक्षेला, पाचपर्यंत. गेटवर नवा रखवालदार. व्यंकटी म्हणाला, ह्या तिच्या आई. तो म्हणाला, बोला की मग. मी वहीत लिहून दाखवलं. आधार दाखवा म्हणाला. आधार घरात.

त्याने रजिस्टर काढलं. हॉस्टेलचा नियम: पालकाच्या नोंदलेल्या नंबरवर फोन करून खात्री. चांगला नियम आहे. मीच ॲडमिशनच्या वेळी आवडला म्हणाले होते.

फोन लावला. स्पीकरवर.

उचलला गेला. हो, मी संघमित्राची आई. नाही हो, मी घरीच आहे. कोण बाई? नाही, कुणालाही आत सोडू नका. माझ्या मुलीची काळजी घ्या, भाऊ.

भाऊ इतकं गोड म्हणालं की त्याने मान डोलावली. मग आमच्याकडे बघून म्हणाला, गल्लीत जरी थांबलात तरी पोलिसांना बोलवीन.

परत आलो. रस्त्यावर होळीची लाकडं रचलेली. व्यंकटी काही बोलला नाही. मी तर —

२५ मार्च

सकाळ. व्यंकटी फाट्यावर थांबलाय, बस तिथे येते. तो अडवेल.

मी घराच्या उंबरठ्यावर बसले आहे. दार अडवायला कुणीतरी हवं. तिने मला पाहिलं की झालं. ओठ हलत नाहीत आणि आवाज मागून येतो, हे तिला दिसेल. मग ही वही देईन. सगळं लिहिलंय हिच्यात.

सरजाबाई पलीकडून खुणा करतात. ये हिकडं. नाही.

मागे, आत, ते काही बोलत नाही. वाट बघतंय. मीही.

साडेदहा

बस गेली असेल. व्यंकटी एकटाच दिसतो लांबून. हात हलवतो. नाही उतरली.

तुरीच्या कापलेल्या शेतातून कुणी येतं आहे. मागची वाट. तिला सांगितली असणार फोनवर. पिवळी ओढणी. गालाला रंग —

मित्रा.

पळत येते आहे. किती वर्षांनी पळताना —

सरजाबाई धावतात. पोरी, हाक मारू नगं — ऐकत नाही. मारली. मम्मी!

मी उठले. तोंड दाखवलं.

आले गं बाळा.

मागून नाही. इथून. माझ्या तोंडातून. ओठ हलले. मी हलवले नाहीत.

सरजाबाई — तोंड दिलंस बाई त्याला, तोंड —

मित्रा गळ्यात. तिच्या पाठीवर हात फिरतो आहे. डावा. कसा फिरवायचा त्याला माहीत आहे. ती रडते, हसते, म्हणते तू केवढी वाळलीस. ते बोलतं. उजवा हात अजून माझा. तिच्या पाठीमागे वही धरून —

आत नेतं आहे तिला. पाय माझे नाहीत.

मित्रा, वही इथे पडेल, उंबऱ्यावर. वाच. तुला जवळ घेतलंय ते मी नाही — मला तुझ्याशी बोलता येत नव्हतं, पण मला सगळं वाटत होतं, रोज, मांडवातही, मी नुसती ओ — आता विचार ना, आता देते, मित्रा, मी इथे आहे, मी